शेऱ्याचा रकाना

सत्काराला नानासाहेब एकटेच गेले. आशाबाईंना चाकाच्या खुर्चीतून नेता आलं असतं, पण हॉटेलचा हॉल तळघरात होता, आणि खिडकी नसलेली खोली दिसली की आशाबाई आता डाव्या हातानं दाराची चौकट धरून ठेवतात. तेवढाच हात चालतो. बोटं एकेक करून सोडवावी लागतात.

एप्रिलमधल्या समुद्रसफरीला शहरातून बावीस जण गेले होते. मुंबईहून निघालेलं जहाज दुसऱ्याच दिवशी भर समुद्रात बंद पडलं आणि तीन दिवस मेल्या जनावरासारखं पाण्यावर पडून राहिलं. त्याला आता दोन महिने होऊन गेले होते. कंपनीनं प्रवाशांचा सत्कार ठेवला होता. स्टेजमागच्या कापडावर लिहिलं होतं, 'आपल्या धैर्यास मानाचा मुजरा'. कंपनीची एक तरुण अधिकारीबाई मुंबईहून आली होती. माइक इंद्रजीतच्या हातात होता. गारखेड्यात त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे, आणि ही बावीस माणसं त्यानंच नेली होती.

एकेकाचं नाव पुकारलं जाई. शाल, नारळ, गुच्छ, एक पाकीट, फोटो. पाकिटात दोघांसाठी मोफत सफरीचं पत्र होतं. स्टेजवरून उतरलं की पायऱ्यांशी टेबल, त्यावर छापील कागद आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. लोक सही करत आणि जेवणाकडं वळत. आपल्याकडं सत्कार कुणी नाकारत नाही. खांद्यावर शाल असलेल्या माणसाला कागद वाचत उभं राहायचा संकोच वाटतो, हे ज्यानं कुणी ते टेबल तिथं ठेवलं त्याला चांगलं ठाऊक असावं.

नानासाहेब वाचू लागले.

"काका, सही. मागं लाईन लागलीय," इंद्रजीत खालच्या आवाजात म्हणाला.

"वाचतो की."

"त्यात काय वाचायचं? शाल मिळाली, नारळ मिळाला."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ते जनरेटरवाले हायेत. पहिलं ऑईल चेक करतील, मग सही." हशा पिकला.

कागदावर लिहिलं होतं, 'प्रवासात व त्यानंतर मला सर्व आवश्यक सेवा आणि वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली. माझी कोणतीही तक्रार नाही.' वर सोळा सह्या झालेल्या होत्या. त्यांतल्या तिघांनी बंदरावर उतरताना कंपनीला आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या.

नानासाहेबांनी पेन खाली ठेवलं. शालीची घडी करून ती टेबलावर ठेवली, पाकीट तिच्यावर ठेवलं. नारळ परत करता येत नाही, म्हणून तो पिशवीत टाकला आणि न जेवता सिटी बसनं सिडकोत घरी आले.

गंगापूर तालुक्यातलं गोदाकाठचं एक गाव. तीन भाऊ शेतीत राहिले, नानासाहेब आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाले आणि वाळूजच्या एका कारखान्यात जनरेटरच्या खोलीत लागले. एकतीस वर्षं तीच खोली. बोलायला माणूस नाही, आणि बोललं तरी ऐकू येणार नाही असा आवाज. भिंतीला लोखंडी टेबल, त्यावर नोंदवही. दर तासाला एक ओळ भरायची. व्होल्टेज, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, टाकीतलं डिझेल. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

बाकीचे ऑपरेटर पाळी सुरू होतानाच आठ तासांच्या ओळी एकदम भरून टाकत आणि चहाला जात. नानासाहेबांनी असं एकदाही केलं नाही. तास भरला की उठायचं, काटे बघायचे, दिसेल तो आकडा लिहायचा. हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव गर्व होता, आणि तो त्यांनी कुणाला बोलूनही दाखवला नव्हता.

शेऱ्यात मात्र तेही सगळ्यांसारखं 'नॉर्मल'च लिहीत. तिथं दुसरं काही लिहिलं की साहेब खाली येतात, आधी का कळवलं नाही म्हणून विचारतात, कागद निघतात. म्हणून खोलीची एक रीत पडून गेली होती. काही बिघडलं तर आधी आपण बघायचं, आपल्या हातानं होईल तेवढं करायचं, नाहीच जमलं तर मग वर सांगायचं. बहुतेक वेळा जमे. आकडे खरे आणि शेरा नॉर्मल, अशा वह्यांवर वह्या भरून त्या कारखान्याच्या माळ्यावर गेल्या.

घरी आले की आशाबाई पाण्याचा तांब्या देता देता विचारत, "काय म्हणतंय तुमचं मशीन?"

"नॉर्मल."

"मग ठीक."

संसारातलं अर्धं बोलणं एवढंच होतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुलगी मंजुषा म्हणाली, आईनं समुद्र पाहिलेला नाही. ती शहरातच एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. तिनंच इंद्रजीतकडं नावं दिली. सगळ्यांत खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची खोली मिळाली. समुद्र पाहायला सहा जिने चढून जावं लागे.

खोलीत शिरल्याबरोबर आशाबाईंनी नळ सोडला. होत्या तेवढ्या बाटल्या भरल्या, दोन्ही ग्लास भरले, कचऱ्याची बादली धुऊन तीही भरली. शेजारच्या खोलीतल्या रूपाताई हसल्या. "आशाबाई, अहो जहाज हाय हे. चोवीस तास पाणी."

"असू द्या. आमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो. पाणी दिसलं की हात थांबत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, नाश्त्याला बसलेले असताना, नानासाहेबांच्या तळपायांना आधी कळलं. जमिनीतली थरथर गेली होती.

"बंद पडलं," ते म्हणाले.

"काय?"

"मशीन."

मग दिवे गेले. पंखे, लिफ्ट, नळ, संडास, सगळं गेलं. किरकोळ तांत्रिक अडचण आहे, दोन तासांत दूर होईल, असं एक माणूस भोंग्यातून ओरडत फिरला. दर दोन तासांनी तो तेच ओरडून जाई. आशाबाईंनी भरून ठेवलेलं पाणी त्या ओळीतल्या पाच खोल्यांना संध्याकाळपर्यंत पुरलं, वर एक बाटली उरली. रूपाताई पेला घेऊन दाराशी आल्या तेव्हा आशाबाईंनी नुसता पेला भरून दिला. स्वतः मात्र त्या घोटभरच पीत होत्या. संडास तुंबले होते, आणि अंधारात अनोळखी बायाबापड्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा न पिणं बरं, असा हिशेब त्यांनी मनाशी केला असावा. आपल्या बायका प्रवासात असंच करतात. एसटीच्या प्रवासातही त्या असंच करत.

नानासाहेबांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि रकाने आखले. वेळ, उष्णता, पाणी, कोण आलं, शेरा. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या उजेडात दर तासाला ते एक ओळ लिहीत आणि आशाबाई पडल्या पडल्या विचारत, "काय लिहिलं?"

"नॉर्मल."

"मग ठीक."

तिसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी, आशाबाईंना लकवा झाला. पाचव्या दिवशी दुसऱ्या बोटीनं ओढत ओढत जहाज जवळच्या एका बंदराला लावलं. उतरणाऱ्या प्रत्येकाला कंपनीच्या माणसांनी एक गुलाब आणि बिस्किटाचा पुडा दिला. स्ट्रेचरवरच्या आशाबाईंच्या छातीवरही कुणीतरी गुलाब ठेवला. मुंबईकडं जाणाऱ्या बसगाड्या आधी सोडायच्या होत्या, त्यामुळं रुग्णवाहिका दीड तास फाटकाबाहेर उभी राहिली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पहिल्या चार-साडेचार तासांत आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. आता उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

वाचा अगदीच गेली नाही. एक 'हां' उरलं आहे. पाणी हवं असलं तरी हां, नको असलं तरी हां. दुखलं तरी हां, मंजुषा आली तरी हां. सुरुवातीला नानासाहेब त्यात होकार शोधत. मग सोडून दिलं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मंजुषा सकाळीच आली. सही केली नाही म्हटल्यावर तिनं वडिलांचे दोन्ही हात धरले. तिनं कंपनीला आधीच पत्र पाठवलं होतं. पैशाचं त्यात काही नव्हतं. माझी आई अशी कशी झाली, ते लिहून द्या, एवढंच होतं. कंपनीचं उत्तर तिच्या पर्समध्ये होतं. त्यात लिहिलं होतं, जहाजावरचे डॉक्टर रोज प्रत्येक खोलीत जात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तटरक्षक दलाच्या बोटीनं आजारी प्रवाशांना किनाऱ्यावर हलवलं, तेव्हा आपल्या आईबाबत कोणतीही माहिती देण्यात आली नव्हती.

"खोटं. सगळं खोटं," मंजुषा म्हणाली. "नाना, तुमची डायरी द्या. त्यात तासातासाचं हाय ना? चिन्मय वकिलांना मी फोनवर टाईप करून पाठवते. ते म्हणाले, बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, आता पुरावा म्हणाल तर ही डायरीच."

"देतो नंतर."

"नंतर कधी? कुठंय?"

डायरी देवाच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, नारळाशेजारी होती. ती तिनंच काढली. आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली आणि मोठ्यानं वाचत टाईप करू लागली. उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. नानासाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"दुसरा दिवस, दुपारी दोन. अंगाला घाम. पाणी सव्वा बाटली. डॉक्टर आले नाहीत. शेरा नॉर्मल." तिनं वर पाहिलं. "हे नॉर्मल काय नाना?"

"सवय."

ती वाचत राहिली. चार वाजता. पाच वाजता. डॉक्टर आले नाहीत. डॉक्टर आले नाहीत. प्रत्येक ओळीबरोबर तिच्या आवाजात जोर येत होता.

"तिसरा दिवस. सकाळी अकरा. पाणी दिलं, उजव्या बाजूनं सांडलं." ती थांबली. मग पुढं. "हात चोळला. साखरपाणी दिलं. ओल्या फडक्यानं पुसलं. शेरा नॉर्मल. बारा. बोलत नाही. पुन्हा चोळलं. वारा घातला. शेरा नॉर्मल. साडेबारा."

साडेबाराची ओळ तिनं मोठ्यानं वाचली नाही. ओठ हलले तेवढे. नानासाहेबांना ती पाठ होती.

'इंद्रजीत दाराशी आला. वरच्या मजल्यावरच्या एकांसाठी किनाऱ्यावरून बोट आली आहे. खाली कुणाचं काही आहे का विचारलं. नाही म्हणून सांगितलं. शेरा नॉर्मल.'

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"नाही सांगितलं?" मंजुषा म्हणाली. "बोट आली होती आणि तुम्ही नाही सांगितलं?"

"मला वाटलं, उन्हाची ग्लानी हाय. हाताला थोडी गरमी येत होती चोळल्यावर. म्हनलं, अजून जरा बघू. मग वर सांगू."

"बघू? काय बघू? ती काय जनरेटर होती?"

नानासाहेबांनी चौकटीला हात लावला.

"एक वाजता गेलो ना वर. सहा जिने. सांगितलं. तवा बोट गेल्याली होती. डॉक्टर तिथून पुढं वीस तासांनी आला. ते बी लिहिलंय त्यात."

"हां," आशाबाई म्हणाल्या.

दोघांनीही वळून पाहिलं. आशाबाईंचे डोळे उघडे होते आणि छताकडं होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. किती कळलं, काय वाटलं, माफ केलं की आयुष्यभरासाठी तोंड फिरवलं, हे विचारायला जगात भाषा शिल्लक नव्हती.

मंजुषा निघून गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रडून जड झालेला होता. चिन्मय वकिलांशी तिचं बोलणं झालं होतं. त्यांचा सल्ला ती उसन्या शब्दांत सांगत होती. त्याच वर्षाची कोरी डायरी गुलमंडीवर मिळते. सगळं तसंच्या तसं उतरवायचं, साडेबाराची ओळ गाळायची आणि वर गेल्याची वेळ एकऐवजी सव्वाअकरा लिहायची. "दोनच गोष्टी नाना. बाकी सगळं खरंच हाय. आईसाठी करा."

तिनं 'माझ्यासाठी' म्हटलं असतं, तर त्यांना इतकं अवघड गेलं नसतं.

त्यांनी कोरी डायरी आणली. दुपारी पलंगाजवळ स्टुलावर बसून, जुनी डावीकडं आणि नवी उजवीकडं ठेवून, ते उतरवू लागले. दुसरा दिवस सरळ उतरला. अक्षरही जुन्यासारखंच येत होतं. तिसऱ्या दिवसाच्या अकराच्या ओळीशी ते आले. 'पाणी दिलं, उजव्या बाजूनं सांडलं' लिहिलं. आता सव्वाअकरा. त्यांनी लिहिलं, 'वर जाऊन'.

तिथं पेन थांबलं. कारण सव्वाअकराला ते वर गेले असते, तर साडेबाराची बोट आशाबाईंना घेऊन गेली असती. त्या बोलल्या असत्या. आज चहा गोड झाला म्हणून कुरकुरल्या असत्या. ही ओळ लिहायची म्हणजे ते सगळं एकदा घडवून बघायचं आणि मग मान उचलून पलंगाकडं पाहायचं.

"आशा," ते म्हणाले. एरवी ते तिला नावानं हाक मारत नसत, मंजूची आई म्हणत. "काय लिहू?"

"हां."

"खरं लिहू?"

"हां."

"खोटं लिहू?"

"हां."

त्यांनी अर्धी राहिलेली डायरी मिटली. दुसऱ्या दिवशी जुनी घेऊन स्वतः वकिलांकडं गेले.

चिन्मय वकील तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं ते पान दोनदा वाचलं. "काका, हे दिलं की कंपनी सगळ्यात आधी हीच ओळ वर काढणार. तुमच्याच अक्षरातली."

"काढू द्या."

"मग दावा कशाला करायचा?"

"वीस तास डॉक्टर आला नाय, ते बी याच अक्षरात हाय. ते म्हणतात रोज येत होता. एक ओळ मी गाळली, तर बाकीच्यांवर मी तरी कसा विश्वास ठेवू?"

वकिलानं डायरी ठेवून घेतली. पावती दिली. नानासाहेब जिना उतरले तेव्हा त्यांना मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. क्रांती चौकाच्या गर्दीत ते कितीतरी वेळ रस्ता ओलांडायचं विसरून उभे होते.

दिवाळीनंतर कोर्टात कंपनीचं लेखी म्हणणं आलं. पंधरा पानं. डॉक्टरांबद्दल एकच ओळ होती, नोंदी उपलब्ध नाहीत. त्यापुढं साडेबाराच्या पानाची झेरॉक्स होती, त्या ओळीखाली जाड रेघ मारलेली, आणि 'नॉर्मल' या शब्दाभोवती गोल. इंद्रजीतचा जबाबही जोडला होता, मी स्वतः विचारलं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. तेही खरंच होतं. पुढची तारीख पडली, मग त्याच्या पुढची. रूपाताईंना साक्षीला बोलावलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "नानासाहेब, तुमचं लई वाईट वाटतं हो. पण मी सही केलीय ना त्या दिवशी." मग म्हणाल्या, "आम्ही डिसेंबरला जातोय परत. ते फुकटचं पत्र वाया चाललं होतं."

मंजुषा रविवारी येते. आईचे केस विंचरते, धुणं नेते. वडिलांशी बोलते, पण त्यांच्याकडं न बघता.

घरी आता एक नवी वही आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनीच सांगितलं होतं, दिवसभराची नोंद ठेवा. नानासाहेबांनी पट्टीनं रकाने आखले. वेळ, पाणी, गोळी, कूस बदलली, हात चोळला. शेवटी हात आपोआप चालला आणि अजून एक रकाना आखला गेला. त्याला त्यांनी नाव दिलं नाही.

आज नळाचा आठवा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमाराला नळ आला. पाण्याचा पहिला फुत्कार ऐकून पलंगावरून आवाज आला, "हां. हां." नानासाहेबांनी पिंप भरलं, घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पातेली भरली, कचऱ्याची बादली धुऊन तीही भरली. मग पेला घेऊन पलंगाशी आले. मान उचलून पाणी पाजलं. उजव्या बाजूनं सांडलं. फडक्यानं पुसलं आणि वही घेऊन स्टुलावर बसले.

'अकरा. पाणी दिलं. उजव्या बाजूनं सांडलं.'

आशाबाईंनी मान वळवली. त्यांचे डोळे पेनाच्या टोकावर होते.

"हां?"

हा एकच हां असा आहे की त्याचा अर्थ नानासाहेबांना कळतो. तो रोज, दर तासाला येतो, शेवट वर चढवलेला. काय लिहिलं? तेवढं एक उत्तर मिळालं की त्या 'मग ठीक' अशा तोंडानं डोळे मिटतील, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांच्याकडं तो शब्द तयार आहे. एकतीस वर्षं होता. आता तो तोंडात आला की त्यांना दारात उभा असलेला इंद्रजीत दिसतो, हातात टॉर्च, आणि वर कुठंतरी वाट बघणारी बोट.

"हां?" आशाबाई पुन्हा म्हणाल्या.

"लिहितो," नानासाहेब म्हणाले. "थांब जरा. लिहितो."

बारा वाजेपर्यंत पेन तसंच हातात होतं.